मूठ थोडी जाड आहे जी

लांजेवार काकाजी कोणाच्याही घरी गेले की आधी सुरी मागतात, पाणी नंतर. घरची बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली की हात आडवा करून म्हणतात, "राहू द्या जी. आधी घरातली सुरी आना."

नवीन माणूस दचकतो. तुमसरला आमच्या गल्लीत राहायला आलेले एक बँकेतले साहेब पहिल्या दिवशी खरोखरच उठून उभे राहिले होते. पण काकाजींना कोणाचे काही कापायचे नसते. ते चष्मा कपाळावर चढवतात, सुरीचे पाते डाव्या अंगठ्याच्या नखावर तिरपे टेकवतात आणि हलकेच सरकवतात. धार असलेली सुरी नखात रुतते, नसलेली घसरते. बहुतेक घरांतली घसरतेच. मग काकाजी सुरी परत देऊन निकाल सांगतात, "पाणी नाही याच्यात." आणि पेला उचलून पाणी पितात.

लोखंड लाल तापवून एकदम विझवले की ते कडक होते. याला कारागीर 'पाणी देणे' म्हणतात. काकाजी विझवतात ते जवसाच्या तेलात. मी एकदा म्हटले, "काकाजी, बुडवता तेलात आणि म्हणता पाणी दिलं. हे बरोबर नाही." ते म्हणाले, "गजूबाबू, तुम्ही धानाच्या काट्यावरच शोभता." मी खरोखरच धान खरेदीच्या काट्यावर वजने बघतो.

पाणी फक्त सुरीतच असते असे नाही. वॉर्डातला नवा उमेदवार घरोघरी हात जोडत फिरला, तो पुढे गेल्यावर काकाजी म्हणाले, "चमकते मस्त. पाणी नाही." कोपऱ्यावरच्या चहात पाणी नाही, आणि हे चहावाल्याला सांगितल्यावर तो बिचारा म्हणाला, "काकाजी, पाणीच तं आहे!"

त्यांचा दुसरा निकाल जास्त वाईट. तो म्हणजे, "तणीस नाही आली." हे समजायला थोडे थांबावे लागेल. पाणी दिलेले पोलाद काचेसारखे होते. कडक, पण खाली पडले तर तुटेल असे. म्हणून ते घासून पांढरे करायचे आणि तव्यावरच्या गरम वाळूत ठेवून पुन्हा हळूहळू तापवायचे. पात्यावर आधी काही दिसत नाही, मग अंगावर एक पिवळा रंग चढतो, मळणीनंतरच्या वाळल्या तणशीसारखा, म्हणजे धानाच्या पेंढ्यासारखा. त्या क्षणी उचलायचे. पुढे गेले की तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग येतो आणि पाणी उतरते. "कडक करणं सोपं आहे जी," काकाजी म्हणतात, "तणशीवर थांबणं कठीण." जो माणूस कडक आहे पण कोणाशी जमवून घेत नाही, त्याला तणीस आलेली नसते. बँकेतल्या साहेबांना नाही आली. तुमसरच्या एका वकिलालाही नाही. मला आली आहे की नाही, हे मी विचारलेले नाही.

काकाजी नाकाडोंगरीच्या पलीकडे एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले. आमची त्यांची एक भिंत सामाईक आहे, त्यामुळे त्यांचा हातोडा कधी सुरू होतो हे मला घड्याळ न बघता कळते. ते सुऱ्या करतात जुन्या कानशींच्या. लोखंड घासून घासून कानशीचे दात झिजले, ती नुसती घसरायला लागली, की कारागीर तिला फेकून देतात. काकाजी तिला मेलेली कानस म्हणतात. "मेली म्हणून फेकतेत लोकं. आत पोलाद जसंच्या तसं हाये. नुसते दात गेले. दात गेल्यावर माणसाले फेकतेत का?"

मेलेल्या कानशीसाठी हा माणूस कुठेही जातो. भंगारवाल्याकडे, सुताराकडे, करवत घासणाऱ्याकडे. शहापूरला एका लग्नाला गेले होते, तिथे नवरदेवाच्या मामाचे वेल्डिंगचे दुकान आहे हे कळल्यावर अक्षता टाकून सरळ दुकानात. जेवणाची पंगत उठली तरी हे नाहीत. शेवटी आले ते कोटाच्या खिशातून कानशीचे टोक बाहेर काढून. याहून अवघड प्रसंग म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले सुतार वारले तेव्हाचा. आम्ही दोघे भेटायला गेलो. काकाजी मान खाली घालून बसले. मग हळूच सुताराच्या बायकोला म्हणाले, "बाई, वाईट नका मानू. भाऊच्या पेटीत मेलेली कानस असन का?" मला जमिनीत शिरावेसे वाटले. त्या बाई उठल्या, पेटी उघडली आणि रडता रडता तीन कानशी काढून दिल्या. पुढच्या महिन्यात त्यातल्याच एकीची सुरी काकाजींनी त्यांना नेऊन दिली. सुताराच्या रंध्याची तुटकी मूठ कापून तिचीच मूठ बसवली होती. त्या बाई अजून त्याच सुरीने कांदा चिरतात.

कामाची पद्धत ठरलेली आहे. अंगणात कोळशाची शेगडी, आणि तिला वारा घालायला मुलीचे, लताचे, केस सुकवायचे जुने मशीन. लता नागपूरला दिली आहे. तिने विचारले, "बाबा, माझं मशीन कुठं आहे?" तर म्हणाले, "तुह्यापेक्षा आता कानशीच्या अंगावर जास्त शोभते." कानस लाल झाली की राइस मिलमधून आणलेल्या तुसाच्या राखेत पुरून ठेवायची. राखेत ती सावकाश थंड होते आणि नरम पडते. मग दुसऱ्या कानशीने तिला घासून आकार द्यायचा. "जातच जातीले कापते," असे म्हणत काकाजी तासन् तास घासतात. नंतर पुन्हा लाल करायची, चुंबक लावून बघायचा, आणि चुंबक चिकटेनासा झाला की तेलात बुडवायची. मग ती तणीस. शेवटी बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ. पात्याच्या वरच्या कडेला कानशीचे थोडे दात ते मुद्दाम राहू देतात. "कोण होती ते दिसलं पायजे."

एवढे वाचून वाटेल की म्हातारपणीचा छंद आहे. तसा तो नाही.

तीन वर्षांपूर्वी काकाजींच्या बायकोला, काकूंना, अर्धांगाचा झटका आला. बोलणे सुधारले, पाय सुधारला, उजव्या हाताची बोटे मात्र पुरती मिटत नाहीत. काकू भाजी चिरण्यात नावाजलेल्या. आमच्याकडे भाजी चिरतात पावशीवर, म्हणजे विळीवर. पाटावर बसायचे, पावशीची फळी पायाखाली दाबायची, आणि दोन्ही हातांत भाजी धरून ती पात्यावर फिरवायची. लग्नाघरी काकूंना त्यासाठी बोलावणे असायचे. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाची त्यांची वडी कापलेली बघावी, एकीपेक्षा दुसरी कागदभर जाड नाही. झटक्यानंतर खाली बसणेच संपले. पावशी भिंतीला उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितले, बोटे चालवत राहा, नाहीतर आखडतील. काकू रबरी चेंडू दाबायच्या, दोनदा दाबून ठेवून द्यायच्या. म्हणायच्या, "चेंडूची भाजी होते का जी?"

तेव्हा काकाजी पहिल्यांदा म्हणाले, "लताची माय, तुह्या हाताले बसन अशी सुरी मीच करून देतो. उभ्यानं कापजो." बाजारातली सुरी त्या बोटांत फिरत होती. जाड मुठीची, जरा वर वाकलेली, न मिटणाऱ्या बोटांतही न निसटणारी सुरी हवी होती.

पहिली झाली. काकूंनी हातात घेतली, थोडा वेळ धरून बघितली आणि म्हणाल्या, "मूठ थोडी जाड आहे जी."

दुसरी झाली. "थोडी बारीक झाली." तिसरी जड. चौथी हलकी. पाचवी पुन्हा जाड. प्रत्येक वेळी काकाजी "असं का?" म्हणायचे आणि नवी कानस शोधायला निघायचे. नापास झालेली सुरी शेजाऱ्यांकडे जायची. आज आमच्या गल्लीत वाकड्या मुठीची सुरी नसलेले घर नाही. मी पाहिलेल्या चौदा, काकाजी सोळा सांगतात. दोन पाणी देतानाच तडकल्या, त्या ते धरतात आणि मी धरत नाही.

आमच्याकडे दोन आहेत. त्यातल्या एकीचे जे झाले ते सांगायला हवे. उन्हाळ्यात माझ्या बायकोने, वंदनाने, फणस कापला. चीक निघेना, म्हणून पाते गॅसवर धरले. चीक जळून गेला, सुरी स्वच्छ झाली, वंदना खूश. संध्याकाळी काकाजी आले, सवयीने सुरी मागितली, उजेडात धरली आणि खुर्चीत बसले.

"सूनबाई, हिले जाळली का?"

"नाही काकाजी! नुसता चीक काढला."

"पाहा." टोकाजवळ मोराच्या मानेसारखा निळा पट्टा उमटला होता. "तणशीच्या किती पुढं गेली. इथलं पाणी उतरलं. फणस होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अजून वास हाये." मग पाते नखावर फिरवत म्हणाले, "अन् तुम्ही सुरी ओढून कापता. टोकाकडंच झिजली पाहा. मुठीजवळ धार कोरी हाये." वंदनाने विळीवरची सवय म्हणून सांगितले, त्यांनी मान हलवली. सुरी घेऊन गेले, टोक कापून आखूड करून आणून दिली. पण पुढचे काही दिवस आमच्याकडे पाणी प्यायले नाहीत.

वंदनाबद्दल त्यांचे मत मात्र एकदम चांगले. कारण काकूंना रोजची भाजी वंदना चिरून देते, असे ते गल्लीत सगळ्यांना सांगतात. "सूनबाईच्या हाताले पाणी हाये." मी काट्यावर असतो, घरात दुपारी काय चालते मला माहीत नसते. वंदनाला विचारले तर ती नुसती हं म्हणायची.

आता माझ्या स्वभावाचा भाग. आमच्या दोन सुऱ्यांपैकी एकीला काकूंनी जाड म्हटले होते, दुसरीला बारीक. एका रविवारी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मला त्या सारख्याच वाटल्या. नळाच्या वायसरचे माप घ्यायचे आहे असे सांगून मी काकाजींकडून व्हर्नियर आणले आणि दोन्ही मुठी तीन तीन ठिकाणी मोजल्या. फरक केसाएवढाही नव्हता. वजनही मिठाच्या दोन चिमटींइतके इकडे तिकडे.

"वंदना, काकू जाड म्हणाल्या ती आणि बारीक म्हणाल्या ती, दोन्ही एकच माप आहे."

ती कपडे घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "घरातही काटा लावून बसता का तुम्ही?"

काटा बंद असलेल्या एका दुपारी व्हर्नियर परत द्यायला गेलो. काकाजी तुमसर रोडला भंगारवाल्याकडे गेले होते. दार लोटलेले होते. आतून आवाज येत होता, टक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. समोर वांगी, आणि उजव्या हातात सुरी. पात्याच्या पाठीवर कानशीचे दात दिसत होते. बोटे मुठीभोवती पुरती मिटली नव्हती, पण मूठच इतकी जाड होती की मिटायची गरज नव्हती. त्या सुरी ओढत नव्हत्या. पाते वांग्यावर टेकवून अंगाचा भार देत होत्या. फोडी ओबडधोबड होत होत्या, एकीची दुसरीशी गाठ नाही. पण होत होत्या.

मला बघून त्यांनी सुरी पदराखाली घेतली.

"मायबाई! मले वाटलं हेच आले."

"काकू, ही कुठली?"

"पहिलीच," त्या म्हणाल्या. "त्याईले सांगतलं, लताले देली. बसा."

"म्हणजे पहिलीच हाताला बसली होती?"

"तवाच बसली. त्याईनं माह्या हाताचं माप झोपीत घेतलं होतं, चुकन कसं?" त्यांनी सुरी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. "गजूबाबू, तुम्ही पाह्यलं नाही का? रिटायर झाले तं वर्षभर भिंतीले टेकून बसले राहत. खा म्हटलं तं खाल्लं. नाही म्हटलं तं नाही. पेपर उलटा धरला तरी त्याईले समजे ना. मी पडली न् हा माणूस उठला. मी हो म्हटली असती, तं कानस ठेवून देली असती न् पुन्हा भिंतीले गेले असते."

"आणि भाजी?"

"सूनबाईनं चिरली सांगतो. तिले माहीत आहे सारं."

माझ्या घरात तीन वर्षे काय चालले होते, ते मला शेजारच्या ओट्यापाशी कळले.

"सांगू नोका बापा त्याईले," काकू म्हणाल्या. "तुमची खरं बोलायची सवय वाईट आहे."

मी सांगणार नाही म्हणालो. पण मला ते जड गेले. काट्यावर मी पाव किलोचाही फरक लपवत नाही. इथे एक म्हातारा माणूस भर उन्हात सायकल हाणत भंगार धुंडाळत होता, एका अशा सुरीसाठी जी केव्हाच झाली होती. हे बरोबर आहे की नाही, याचा मला हिशेब लागेना.

त्यानंतर एका सकाळी काकू वंदनाबरोबर मंदिरात गेल्या होत्या. अंगणात काकाजी दगडावर सुरी लावत बसले होते, सहाणेसारख्या गुळगुळीत दगडावर, थेंब थेंब पाणी सोडत. मी जवळ गेलो आणि थांबलो. मूठ ओळखीची होती.

"ही कोणाची काकाजी?"

"पहिली हाये. लताले देली म्हणते लताची माय." त्यांनी पाते उलटे केले. "तांदळाच्या कोठीमांगं राहते. ते मंदिरात गेली का मी लावून ठेवतो."

मी वाकून दगडावर पाण्याचे थेंब सोडू लागलो. बोललो असतो तर खरेच निघाले असते.

"पाहा," ते म्हणाले आणि सुरी माझ्यापुढे धरली. "मुठीजवळ झिजली. टोक कोरं. सूनबाई तं ओढून कापते, टोकाकडं झिजवते. हे दाबून कापलेलं हाये. असं कोण कापते आमच्या घरी?"

"मग तुम्ही विचारत का नाही त्यांना?"

"कायले विचारू? चेंडू दोनदा दाबे न् ठेवून दे. हे रोज चालवते. लपून करते म्हणून रोज करते जी. मी पाह्यलं म्हटलं, तं म्हणन, आता तुम्हीच चिरा. डाक्टर म्हणे बोटं चालली पायजेत. चालून राहिली ना?" त्यांनी अंगठ्याच्या नखावर पाते टेकवले. रुतले. "पहिले पंधरा दिवसांत धार जात नव्हती. आता आठवड्यात जाते. जोर येऊन राहिला हाताले."

"आणि या बाकीच्या सुऱ्या?"

काकाजी हसले. "ते म्हणते जाड, मी करतो बारीक. ते म्हणते बारीक, मी करतो जाड. माप एकच ठेवतो. ते थोडीच मोजते? मोजणारा गल्लीत एकच हाये, न् तो वायसरचं माप घेतो म्हणून व्हर्नियर नेते."

सुरी त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसली, आत जाऊन कोठीमागे ठेवली. मी दारातून बघत होतो. ठेवल्यावर एकदा वाकून बघितले आणि मूठ भिंतीकडे होती ती फिरवून बाहेरच्या बाजूला केली, आधी होती तशी.

तेवढ्यात काकू मंदिरातून आल्या. उजव्या हातात प्रसादाचा डबा होता. डबा बोटांनी धरलेला होता, तळहातावर ठेवलेला नव्हता. हे मी बघितले आणि काकाजींनीही बघितले. ते अंगणात येऊन बसले, पोत्याखालून एक नवी मेलेली कानस काढली, शेगडीत खुपसली, केस सुकवायचे मशीन सुरू केले. त्या घरघरीवरून मोठ्याने ओरडले,

"लताची माय! या टायमाले मूठ कशी करू? जाड का बारीक?"

काकू आत पोचल्या होत्या. कोठीपाशी भांडे हलल्याचा आवाज झाला. मग काकू म्हणाल्या,

"मांगची थोडी जाडच झाली होती जी. बारीक करा."